उकळावे, गाळावे की गोळी टाकावी?

फेब्रुवारी १९००. दक्षिण आफ्रिकेच्या उघड्या माळरानातून मॉडर नावाची नदी वाहते. 'मॉडर' म्हणजे चिखल, आणि नदी नावाला जागणारी होती. पारडेबर्ग येथे तिच्या काठावर बोअर सेनापती पीट क्रोन्ये आपल्या गाड्यांच्या तळासह वेढला गेला. ब्रिटिश तोफा दहा दिवस त्या तळावर आग ओकत राहिल्या. बोअरांची माणसे काठाच्या मातीत खणलेल्या चरांत तगली. जनावरांना मात्र आसरा नव्हता. मेलेले घोडे आणि बैल नदीत पडले, फुगले आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत आले. खालच्या अंगाला ब्रिटिश सैन्याचा मुक्काम होता आणि त्या सैन्याला प्यायला दुसरे पाणी नव्हते.

२७ फेब्रुवारीला क्रोन्ये शरण आला. १३ मार्चला लॉर्ड रॉबर्ट्स विजयी मुद्रेने ब्लूमफाँटेन शहरात शिरला. त्याच्या सैनिकांच्या पोटात तोवर विषमज्वर मुरू लागला होता. त्यात भर म्हणून ३१ मार्चला बोअर सेनानी डी वेटने सॅनाज पोस्ट येथे छापा घालून शहराचे पाणीपुरवठा केंद्रच ताब्यात घेतले. शहर आणि छावणी दोन्ही जुन्या, घाण विहिरींवर आली आणि साथ भडकली. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५७,००० ब्रिटिश सैनिकांना विषमज्वर झाला. त्यांतले ८,०००हून अधिक मेले. रोगाने मेलेल्यांची एकूण संख्या लढाईत मेलेल्यांहून कितीतरी मोठी होती.

हे सगळे अज्ञानाच्या काळात घडले असते तर त्यात नवल नव्हते. परंतु विषमज्वराचा जिवाणू १८८० साली ओळखला गेला होता. पटकीचा जिवाणू कॉखने १८८४ साली कलकत्त्याच्या तलावांत शोधून दाखवला होता. पाणी उकळल्याने ते मरतात हे ठाऊक होते. त्यांना अडवणाऱ्या गाळण्या बाजारात होत्या, सैन्याच्या सामानातही होत्या. मग हजारो माणसे पाण्याने कशी मेली? दूर पल्ल्याच्या वाटेवर पाणी शुद्ध कसे करावे या प्रश्नाचा सारा इतिहास या एका कोड्याभोवती फिरतो.

आज हा प्रश्न पाठीवर बोजा घेऊन महिनोन् महिने डोंगरवाटा तुडवणाऱ्या हौशी पदयात्रींचा आहे. शतकभरापूर्वी तो मुख्यतः सैन्याचा होता, कारण रोज पंधरा-वीस मैल चालणारी आणि मिळेल त्या पाणवठ्यावर ओंजळ धरणारी माणसे सैन्यातच असत. सैनिक आणि यात्रेकरू. पाण्याच्या बाबतीत दोघांची गत सारखी होती.

सर्वांत जुना उपाय उकळण्याचा. हेरोडोटस सांगतो की इराणचा सम्राट सायरस मोहिमेवर निघाला की सुसा नगरीजवळच्या कोआस्पेस नदीचे उकळलेले पाणी चांदीच्या भांड्यांत भरून, खेचरांनी ओढलेल्या चारचाकी गाड्यांवरून बरोबर नेले जाई. सम्राटाला हे परवडत होते. त्याच्या पायदळाने काय प्यायले याविषयी हेरोडोटस काही बोलत नाही. भारतात सुश्रुतसंहितेने पाणी तापवण्याचे प्रकार सांगितले आणि गढूळ पाणी निवळण्यासाठी सात द्रव्ये दिली. त्यांत पहिले कतक, म्हणजे मराठीतली निवळी. तिचे बी उगाळून पाण्यात कालवले की गाळ तळाशी बसतो. तुरटीही तेच करते. पाणी नितळ होणे आणि निर्जंतुक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मात्र कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तोवर डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी स्वच्छच मानले जाई.

या समजुतीची किंमत मराठी इतिहासातही नोंदलेली आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये, खडकीची लढाई झाली त्याच महिन्यात, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताच्या नावाखाली मोठी फौज घेऊन बुंदेलखंडात होता. त्या फौजेत पटकी शिरली. माणसे चालता चालता कोसळू लागली. लढवय्यांपेक्षा बाजारबुणग्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते, आणि दोन्ही मिळून हजारोंनी मेले. शेवटी हेस्टिंग्जने तळ हलवला आणि बेटवा नदीकाठी एरिच येथे उंच जागी छावणी टाकली. तेथे साथ ओसरली. हवा बदलल्याचा हा गुण असे त्या वेळच्या डॉक्टरांना वाटले. घाण झालेला पाणवठा मागे पडला, हे कारण आज अधिक पटते. पटकी मात्र थांबली नाही. पुढच्या वर्षी ती दख्खनमध्ये आणि मुंबईत पोहोचली, आणि पुढे वर्षानुवर्षे पंढरीच्या वाटेवरही तिची धास्ती राहिली. १८६६च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकी पसरण्याचे खापर मोठ्या प्रमाणात यात्रांवर फोडले. सैन्याच्या पायांनी ती किती पसरली याची चर्चा तुलनेने कमी झाली.

आता गाळण्याकडे वळू. १८८४ साली पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने बिनझिलईच्या चिनी मातीची पोकळ नळी बनवली. तिच्या भिंतीतील छिद्रे इतकी बारीक की पाणी झिरपे, जिवाणू बाहेरच राहत. काही वर्षांनी जर्मनीत विल्हेल्म बर्केफेल्डने हीच युक्ती किझेलगुर या मातीवर केली. पाण्यातील सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची ही माती अधिक सच्छिद्र असते, त्यामुळे पाणी लवकर उतरे. १८९२च्या पटकीने या गाळण्यांची कीर्ती वाढवली. त्या साथीत एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या हांबुर्ग शहरात साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि अगदी लागून असलेले आल्टोना वाळूच्या थरांतून गाळलेल्या पाण्यामुळे बऱ्याच अंशी वाचले. कित्येक मराठी घरांच्या ओट्यावर उभ्या असलेल्या स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी 'कँडल' याच घराण्यातली आहे.

घराच्या ओट्यावर जी गाळणी दहा वर्षे निमूटपणे काम करते, तीच मॉडरच्या काठी हतबल ठरली. नदीच्या चिखलाने छिद्रे पाहता पाहता बुजत. मग गाळणी उघडायची, घासायची, पुन्हा जोडायची आणि पंप मारत बसायचे, तेही दिवसभर चाललेल्या माणसांनी. घासताना किंवा गाडीच्या हिसक्याने मातीच्या नळीला केसाएवढा तडा गेला तर तो दिसत नसे. पाणी भराभर येऊ लागे आणि सैनिक खूश होत.

उकळण्याचे गणित तर आणखी निष्ठुर होते. उघड्या चुलीवर लिटरभर पाणी उकळायला साधारण पाव किलो लाकूड लागते. तीस हजारांच्या सैन्याला माणशी चार लिटर धरले तर रोजचे तीस टन लाकूड झाले. आफ्रिकेच्या त्या पठारावर मैलोन् मैल झाड नव्हते. वाळलेले शेण गोळा करून अन्न शिजवण्याची वेळ होती. शिवाय डी वेटने १५ फेब्रुवारीलाच रसदीच्या सुमारे दोनशे गाड्या पळवल्यामुळे सैन्य अर्ध्या शिध्यावर चालत होते. इंधन मिळाले तरी उकळलेले पाणी निवायला वेळ लागतो. प्रत्येक सैनिकाजवळ जेमतेम लिटरभराची बाटली, ती दुपारपूर्वीच रिकामी, आणि समोर नदी. अधिकाऱ्यांनी मनाई केली होती. तहानेने जीभ टाळ्याला चिकटलेल्या माणसाला तिने अडवले नाही.

ब्लूमफाँटेनच्या रुग्णालयांत हे सारे जवळून पाहणारा एक डॉक्टर होता आर्थर कॉनन डॉयल, शेरलॉक होम्सचा जनक. तो लँगमन या खाजगी रुग्णालयाबरोबर आला होता. त्यांना जागा मिळाली ती शहरातील क्रिकेट क्लबची, आणि तिच्या मोठ्या दालनाच्या एका टोकाला नाटकाचा रंगमंच सजलेला तसाच उभा होता. त्या रंगमंचापुढे जमिनीवर माणसे तापाने फणफणत पडत. पुढे युद्धाचा इतिहास लिहिताना डॉयलने या विषयावर संतापाने लिहिले. न उकळलेले पाणी पिणे हा लष्करी गुन्हा ठरवावा, प्रत्येक तुकडीला पाणी झटपट उकळण्याचे साधन द्यावे, नुसते गाळणे निरुपयोगी आहे, असे त्याचे म्हणणे होते. विषमज्वराने भरलेल्या रुग्णालयातून बाहेर पडावे आणि वाटेवरच्या घाण डबक्यात पलटणीची पाण्याची गाडी भरली जाताना दिसावी, हे त्याला असह्य झाले होते.

डॉयलचा संताप रास्त होता. त्याचा उपाय मात्र माणसाच्या स्वभावाविरुद्ध जाणारा होता. बोअर युद्धापूर्वी अल्मरॉथ राइटने विषमज्वराची लस तयार केली होती. ती घेणे सैनिकांच्या मर्जीवर होते आणि फार थोड्यांनी ती घेतली. जी माणसे एक सुई टोचून घ्यायला तयार नव्हती, ती रोज संध्याकाळी पाणी उकळून निवण्याची वाट पाहतील, ही अपेक्षा जरा मोठीच होती.

तिसरा मार्ग रसायनाचा, आणि त्याची सुरुवात बऱ्याच अंशी भारतात झाली. आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेत अर्नेस्ट हॅन्किन हा शास्त्रज्ञ १८९०च्या दशकात पटकीच्या दिवसांत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार करत होता. पाणी गुलाबी होई आणि रंग टिकला तर औषध पुरेसे पडले असे समजत. गावच्या विहिरीला हे ठीक होते. चालत्या माणसाच्या बाटलीसाठी १९०१ साली लुई पार्क्स आणि सॅम्युएल रिडेल या इंग्रज तज्ज्ञांनी सोडियम बायसल्फेटची गोळी सुचवली. तिच्या आम्लाने जिवाणू मरत, पण धातूची बाटलीही झिजे.

मग आला भारतीय वैद्यकीय सेवेतील कॅप्टन व्हिन्सेंट नेसफील्ड. त्याच्या १९०३च्या लेखाचे महत्त्व त्यातील रसायनशास्त्राइतकेच त्यातील माणसाच्या पारखीत आहे. पाणी निर्जंतुक करणारी द्रव्ये पुष्कळ होती. नेसफील्डने त्यांतून थकलेला शिपाई काय वापरील याचा विचार केला. उपाय खिशात मावला पाहिजे, काही मिनिटांत झाला पाहिजे आणि पाण्याला चव उरता कामा नये. पाण्याच्या गाड्यांसाठी त्याने शिशाचे अस्तर लावलेल्या लोखंडी नळकांड्यात द्रवरूप क्लोरीन भरण्याची कल्पना मांडली. एकट्या माणसासाठी गोळ्या सांगितल्या: एका गोळीतील आयोडीनचे क्षार दुसऱ्या गोळीतील आम्लाशी भिडले की पाण्यात ताजे आयोडीन मोकळे होई; ते आपले काम करी; शेवटी सोडियम सल्फाइटची गोळी टाकली की उरलेले आयोडीन आणि त्याची चव दोन्ही नाहीशी होत. तीन गोळ्या योग्य क्रमाने टाकायच्या ही त्यातली अडचण होती. क्रम चुकला तर पाणी चवीला उत्तम आणि जिवाणूंनी भरलेले.

मध्यंतरी १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धाने उकळण्याच्या पक्षाला पुन्हा बळ दिले. जपानी सैन्याची उकळलेल्या पाण्याची शिस्त पाहून पाश्चात्त्य निरीक्षक भारावून गेले आणि त्यांनी वारेमाप कौतुक केले. त्याच सैन्यात सडलेल्या तांदळावर फार जीव असल्याने बेरीबेरीने थैमान घातले होते, ते या कौतुकात झाकले गेले. तरीही एक मुद्दा उरतो. चहाची सवय असलेल्या माणसाला पाणी उकळायला सांगावे लागत नाही.

क्लोरीनची कल्पना पुढे अमेरिकी सैन्याने प्रत्यक्षात आणली. मेजर कार्ल डार्नालने १९१० साली द्रवरूप क्लोरीनने पाणी शुद्ध करून दाखवले. त्यानंतर मेजर विल्यम लिस्टरने आणखी सोपी युक्ती केली: तिकाटण्यावर टांगलेली कापडी पिशवी, तिच्यात सुमारे १३६ लिटर पाणी, वरून मोजून टाकलेली क्लोरीनची भुकटी आणि खाली नळांची रांग. पाणी भरायला आलेला प्रत्येक सैनिक शुद्ध पाणीच भरणार, त्याने वेगळे काही करायचेच नाही. 'लिस्टर बॅग' पुढे कित्येक दशके छावण्यांत लटकत राहिली.

क्लोरीनचा एक स्वभाव येथे समजून घ्यायला हवा. तो जिवाणूंना मारतो तसाच पाण्यातल्या कुजक्या पाल्याशी, शेणाशी, चिखलाशीही झुंजतो आणि त्यात खर्ची पडतो. म्हणून नितळ पाण्याला पुरणारी मात्रा गढूळ पाण्याला पुरत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी यासाठी विल्यम हॉरॉक्सची पेटी वापरली. तिच्यात सहा पांढरे पेले असत. प्रत्येकात तेच पाणी आणि चढत्या मात्रेने क्लोरीन टाकायचे, अर्धा तास थांबायचे, मग पिष्टमय द्रावणाचे थेंब सोडायचे. ज्या पेल्यापासून निळा रंग दिसू लागेल त्यावरून गाडीत किती ब्लीचिंग पावडर टाकायची ते ठरे. हे काम प्रशिक्षित माणूस करी, सैनिकाच्या वाट्याला येई ते फक्त वासाचे पाणी. त्यातून पाणी अनेकदा पेट्रोलच्या जुन्या डब्यांतून वाहिले जाई, त्यामुळे खंदकातल्या चहाला क्लोरीन आणि पेट्रोल अशी दुहेरी फोडणी बसे. बोअर युद्धाच्या मानाने विषमज्वर मात्र नगण्य राहिला. त्याचे श्रेय लस आणि क्लोरीन या दोघांना वाटून द्यावे लागते.

मेसोपोटेमियात गोष्टी इतक्या सुरळीत नव्हत्या. तेथे कुतच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. टायग्रिसचे पाणी मातीने इतके भरलेले असे की आधी तुरटीने निवळावे आणि मग क्लोरीन टाकावे अशी दुहेरी रीत त्या मोहिमेत घालावी लागली. सुश्रुताच्या काळची निवळ येथे आधुनिक रसायनाची पहिली पायरी झाली. पुढे बगदाद जिंकणारा जनरल मॉड स्वतः १८ नोव्हेंबर १९१७ रोजी पटकीने मेला. शहरातल्या एका शाळेच्या कार्यक्रमाला तो गेला होता, आणि तेथे कॉफीत घातलेल्या कच्च्या दुधातून त्याला संसर्ग झाला असे मानले जाते.

त्याच वर्षी हेन्री डेकिन आणि एडवर्ड डनहॅम यांनी हॅलाझोनची गोळी आणली. लिटरभर पाण्यात चार मिलिग्रॅमची एक गोळी, अर्धा तास थांबायचे. नेसफील्डचे स्वप्न साकार झाल्यासारखे वाटले, आणि दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकी सैनिकाच्या खिशात पोहोचली. पण खिशात हॉरॉक्सची पेटी नव्हती. पॅसिफिकच्या जंगलातल्या गढूळ ओढ्याला एक गोळी पुरेल की नाही हे कळायला मार्ग नव्हता. बाटलीचे झाकण एकदा उघडले की दमट हवेत गोळ्या काही दिवसांतच निकामी होऊ लागत. त्यात आमांशाच्या अमीबाचे कोष क्लोरीनला सहज दाद देत नाहीत. म्हणून हार्वर्ड विद्यापीठात शिह लू चँग आणि सहकाऱ्यांनी पुन्हा आयोडीनकडे मोर्चा वळवला. त्यांच्या गोळीतून लिटरला आठ मिलिग्रॅम आयोडीन मिळे, मळाने ते क्लोरीनइतके वाया जात नसे, आणि दहा मिनिटांत, थंड पाण्यात वीस मिनिटांत, काम होई. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्याने हॅलाझोन सोडून ही गोळी स्वीकारली.

एवढे करून पुन्हा चव आडवी आली. व्हिएतनाममध्ये सैनिक औषधी वास मारण्यासाठी पाण्यात सरबताची पूड टाकत. त्या पुडीतले क जीवनसत्त्व आयोडीनला तत्काळ निष्प्रभ करते. गोळीची वेळ पूर्ण झाल्यावर पूड टाकली तर उत्तम. आधी टाकली तर गोळी फुकट. नेसफील्डच्या तिसऱ्या गोळीची हीच गत होती.

सैन्याकडून हा वारसा पदयात्रींकडे कसा आला ते पाहणे सोपे आहे. बेंटन मॅकाय याने १९२१ साली कल्पिलेली ॲपलेशियन ट्रेल ही सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. तिचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग चालणे पहिल्यांदा नोंदले गेले ते १९४८ साली. चालणारा होता अर्ल शेफर, पॅसिफिकच्या युद्धातून परतलेला सैनिक. युद्ध मनातून उतरवण्यासाठी तो चालायला निघाला होता. त्या पिढीच्या पाठीवर सैन्याचे उरलेसुरले सामान होते, आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या औषधांच्या डबीत सैन्याची आयोडीनची गोळी.

ही गोळी १९७०च्या दशकात एका जुन्या शत्रूपुढे लटकी पडू लागली. लेव्हेनहूकने १६८१ साली स्वतःची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना टिपलेला जिआर्डिया हा तो परजीवी. १९७४-७५च्या हिवाळ्यात न्यू यॉर्क राज्यातील रोम या गावात त्याने हजारोंना आजारी पाडले; १९७६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कॅमस येथील साथीत पाणवठ्यावरचे बीव्हर संशयित ठरले आणि आजाराला 'बीव्हर फीव्हर' हे नाव चिकटले. बिचाऱ्या बीव्हरवर हा आळ थोडा अन्यायाचाच आहे, कारण त्याच पाणवठ्यांवर माणसांचीही वर्दळ वाढली होती. जिआर्डियाचा कोष थंडगार पाण्यात आयोडीनला बराच वेळ टिकतो. क्रिप्टोस्पोरिडियम त्याहून चिवट. माणसातला त्याचा आजार १९७६ मध्ये प्रथम ओळखला गेला, आणि १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे ४,०३,००० लोकांना त्याची बाधा झाली. त्या पाण्यात क्लोरीन रीतसर टाकलेले होते.

अशा रीतीने शंभर वर्षांनी शांबरलाँ पुन्हा दारात आला. मातीच्या नळीची जागा प्लॅस्टिकच्या केसासारख्या पोकळ तंतूंनी घेतली. तंतूंची छिद्रे ०.१ मायक्रॉनची, क्रिप्टोस्पोरिडियम चार ते सहा मायक्रॉनचा, जिआर्डियाचा कोष त्याच्या दुप्पट, जिवाणूही या छिद्रांतून जाऊ न शकणारे. वजन शंभर ग्रॅमच्या आत, वाट पाहणे नाही, चव नाही. गाळ अडकला तर उलट्या दिशेने पाणी सोडून गाळणी धुता येते. मॉडरच्या काठी हेच साधले नव्हते. मात्र विषाणू या छिद्रांपेक्षाही लहान असल्याने पार निघून जातात. उत्तर अमेरिकेच्या निर्जन पर्वतात पुष्कळ पदयात्री हा धोका पत्करतात. जेथे वरच्या अंगाला वस्ती, गुरे किंवा गर्दी आहे, तेथे तो हिशेब बदलतो. हिमालयातील वर्दळीच्या वाटा अशाच आहेत, आणि सह्याद्रीतील गडांवरची कातळात खोदलेली टाकी सुट्टीच्या दिवशी शेकडो माणसे वापरतात. अशा ठिकाणी गाळून झाल्यावर क्लोरीन टाकणे किंवा उकळणे हेच शहाणपणाचे. तुरटी आणि क्लोरीनची टायग्रिसकाठची जोडी येथे वेगळ्या रूपात परत येते. ग्रामपंचायतीच्या टाकीत पडणारी 'टीसीएल' पावडरही याच कुळातली. उष्ण हवेत ताकद टिकावी म्हणून तयार केलेली ती ब्लीचिंग पावडर आहे.

उकळणे आजही सर्वांत निश्चित आहे. पाणी खळखळून एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे उकळले की जिवाणू, विषाणू, कोष यांतले काही उरत नाही. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, तरी ते तापमान पुरेसे असते. पण प्रत्येक लिटरमागे इंधन पाठीवर वाहावे लागते, आणि मॉडरचे गणित तसेच आहे. क्लोरीन डायऑक्साइडची गोळी क्रिप्टोस्पोरिडियमलाही मारते, त्यासाठी चार तास लागतात. तहानलेल्याला चार तास म्हणजे पुढच्या मुक्कामापर्यंतची वाट. अतिनील किरणांचा दिवा दीड मिनिटात काम करतो, पाणी नितळ आणि बॅटरी जिवंत असेपर्यंत.

ॲपलेशियन ट्रेलवर १९९७ साली किमान सात दिवस चाललेल्या लोकांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना वाटेत अतिसार झाला होता. ओढ्याचे किंवा तळ्याचे पाणी जो जितक्या वेळा शुद्ध न करता प्यायला, तितका त्याचा धोका वाढलेला होता. आणि शौचानंतर हात व जेवणानंतर भांडी नीट धुणाऱ्यांत तो कमी होता. गाळण्या, गोळ्या, इंधन, सारे त्या काळी दुकानात मिळत होते.

आता बहुसंख्य पदयात्रींच्या पाठीवर तंतूंची गाळणी असते आणि डबीत अडीअडचणीला म्हणून चार गोळ्या. या गाळणीचा दोष बर्केफेल्डच्या नळीसारखाच आहे: एकदा ओली झालेली गाळणी गोठली तर आतले तंतू फुटतात, बाहेरून काही दिसत नाही, पाणी मात्र पूर्वीपेक्षा भराभर येऊ लागते. म्हणून कडाक्याच्या थंडीत डोंगरावर मुक्काम पडला की वाटसरू गाळणी कोरड्या पिशवीत गुंडाळून पांघरुणात, पोटाशी घेऊन झोपतात.